आठशे चारमधली बाई

ताटाकडे बघणारी माणसं

मला डिप्रेशन होतं असं सांगितलं की आमच्या ओळखीतली माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या ताटाकडे. "पण तू तर व्यवस्थित जेवायचीस गं," असं नीलाताई मला आजही ऐकवतात. नीलाताई म्हणजे शारजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या आधारस्तंभ. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी जेवत होते, झोपत होते, चारचौघांत खळखळून हसतही होते. हळदीकुंकवाला उखाण्यांचा कार्यक्रम मीच चालवला होता.

घरात कुणीतरी नीट जेवतंय, भरपूर झोपतंय, पाहुणे आले की हसतंय आणि तरीही काहीतरी बिनसलंय असं ज्यांना आतून वाटतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझ्या घरात तसं एकीलाच वाटलं होतं, आणि ती तेव्हा नऊ वर्षांची होती. माझी मुलगी सानिका. या आजारात मी तिला गमावून बसले असते. ती माझ्यावर रागावली असती तर मी तिची समजूत काढली असती. पण तिला वेगळीच शंका येऊ लागली होती, की ही बाई आपली आईच आहे का? तिची शंका अगदीच खुळी होती असं म्हणायची हिंमत मला आजही होत नाही.

चाव्या

आम्ही अल मजाजमध्ये सहाव्या मजल्यावर राहायचो, सहाशे चारमध्ये. मिलिंद, माझा नवरा, दुबईत टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. ट्रॅफिक चुकवायला तो पहाटे साडेपाचला निघायचा. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. इथे मात्र घर, सानिका आणि लोकांच्या चाव्या, एवढंच माझं काम होतं.

चाव्यांचं असं, की सुट्टीवर इंडियाला जाताना आमच्याकडे घराची चावी ओळखीच्या कुणाकडे तरी ठेवून जातात. बंद घरात दमटपणाने कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, म्हणून रोज तासभर एसी लावायचा. नळ सोडायचे. बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायचं. माझ्यावर लोकांचा विश्वास होता, त्यामुळे उन्हाळ्यात माझ्याकडे पाच-सहा घरांच्या चाव्या असायच्या. कुणाच्या घराला कसला वास येतो हे मला पाठ होतं. एखाद्या बंद घरात पहिल्यांदा शिरताना, आपण आत येईपर्यंत तिथे काहीतरी चाललं होतं आणि आत्ताच थांबलं, असं क्षणभर वाटायचं. मला त्याची कधी भीती वाटली नव्हती.

दोन हजार आठच्या शेवटी दुबईतल्या क्रेन थांबल्या. खरोखरच थांबल्या. मिलिंद घरी येऊन सांगायचा, आज अमक्या साइटची क्रेन कालच्याच दिशेला तोंड करून उभी आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धुळीने पांढऱ्या झालेल्या गाड्या दिसू लागल्या. माणसं निरोप न घेता जायची. सकाळी लिफ्टमध्ये भेटलेली बाई संध्याकाळी नसायची, आणि तिच्या दाराबाहेर मुलांच्या चपला मात्र तशाच असायच्या.

जानेवारीत आठशे चारमधल्या सबनीसवहिनी माझ्याकडे चावी घेऊन आल्या. "दहा दिवसांत येतोच गं," म्हणाल्या. त्यांचा फ्लॅट कंपनीच्या नावावर होता, लाइटही कंपनीची. मी दुसऱ्या दिवशी वर गेले तर ओट्यावर भांड्यात मूग भिजत घातलेले होते. चष्मा वॉशिंग मशीनवर राहिला होता. मी मूग उपसून फडक्यात बांधून ठेवले, दहा दिवसांत येणारच होत्या ना.

त्या आल्याच नाहीत. फोन बंद लागायचा. मुगांना मोड आले, मग ते सुकले, मग मी ते टाकून दिले. पण "चावी परत द्यायची कुणाला?" या प्रश्नाचं उत्तर मिळेना. मला एसी लावायला सांगितलं होतं, म्हणून मी तो लावत राहिले.

आठशे चार आणि सहाशे चार यांचा नकाशा एकच. तोच दिवाणखाना, तीच खिडकी, खिडकीतून तेच खालिद लगूनचं पाणी, फक्त दोन मजले उंचावरून. बेडरूमचं दार उघडलं की पलंगही त्याच जागी होता.

मिलिंदचं सगळ्यांना दिसलं

मार्चमध्ये मिलिंदची नोकरी गेली. महिनाभर त्याने बिल्डिंगमध्ये कुणाला कळू दिलं नाही. रोज शर्ट खोचून, लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि लगूनच्या काठावर गाडीत बसून राहायचा. दुपारी उशिरा यायचा, आणि पुढे सगळ्यांना कळल्यावरही नोकरी शोधायला तसाच बाहेर असायचा. दहा किलो उतरला. झोप उडाली. पोळीचा तुकडा मोडून नुसता हातात धरून बसायचा. सगळं माझ्यामुळे झालं, म्हणायचा. जगात मंदी आली तीही जणू यानेच आणली होती.

त्याचा चेहराच सांगत होता, त्यामुळे त्याला काहीतरी झालंय हे कुणालाही कळलं असतं. मंडळात आम्ही अ‍ॅसिडिटी सांगितली. मनाच्या डॉक्टरांकडे जातो असं कळलं तर उद्या व्हिसाच्या वेळी कुणी काही काढेल, नवी नोकरी मिळायची नाही, अशी आमची भीती. ती खरी होती की नाही हे आम्ही कुणाला विचारलंसुद्धा नाही. सगळे त्याला ताक प्यायला सांगायचे.

आणि मी? मी त्याच महिन्यांत सहा किलो वाढले. नीलाताईंनी माझा गाल धरला. "बघा, नवरा वाळतोय आणि हिला शारजा मानवलीय! मिलिंदराव, बायको धीराची मिळालीय हो तुम्हाला." मी हसले, अगदी मनापासून. तिथे, त्या बायकांच्यात, मला खरंच बरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं. कुणी आलं की माझ्या अंगात जीव यायचा. ते गेले की दार लावतानाच हात असा जड व्हायचा की कडी सरकवायला दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागायचं. गोड खात सुटायचे. बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा मिलिंद नुसतं "आज भाजी खारट झालीय" म्हणाला, ते मी नऊ दिवस उगाळत बसले होते.

याला मी आळस म्हणत होते. आमच्या घरात आजारी माणसाची जागा एकच होती, आणि ती मिलिंदने घेतली होती.

घरात कुणीतरी राहतंय

एप्रिलच्या एका सकाळी मी आठशे चारमध्ये एसी लावायला गेले आणि बेडरूमच्या दारातच थबकले. पलंगावरच्या चादरीत माणसाच्या आकाराचा खळगा होता. मी ती चादर झाडून घातल्याचं मला पक्कं आठवत होतं. मोरीत एक पेला होता, तळाशी थोडा चहा. बाथरूमच्या बेसिनमध्ये लांब केस. उशीला हात लावला तर ती कोमट लागली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मी पेला धुतला, केस उचलले, चादर बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी पेल्यात साखरेचा खडा होता आणि उशीवर खोबरेल तेलाचा डाग.

घाबरल्यावर माणूस काय करतो? आरडाओरडा करतो, कुणाला तरी सांगतो. मी तसलं काही केलं नाही. मला वाटलं, राहू दे बिचारीला. 'बिचारीला' असंच वाटलं, कारण ती बाई आहे हे मी केव्हाच धरून चालले होते. उलट मी तिच्यासाठी स्वच्छ पेला काढून ठेवू लागले.

मग मे महिन्यात एका दुपारी सानिका शाळेतून आली. दप्तर न काढता सोफ्याच्या टोकाला बसली. इथे वाढलेली मुलं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात, तशीच तीही.

"मम्मा, देअर्स अ लेडी इन एट-ओ-फोर."

"कोण लेडी?"

"आय डोन्ट नो. शी लुक्स लाइक यू."

मी विचारलं, तू वर कधी गेलीस? मग तिने सांगितलं. काल बसमधून उतरून ती घरी आली, बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. मी तुळशीला पाणी घालायला गेले असेन म्हणून ती लिफ्टने वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, एसी खूप गार. पलंगावर एक बाई उताणी पडली होती, डोळे उघडे. सानिकाने "मम्मा" म्हणून हाक मारली. बाईने मान वळवली, तिच्याकडे नीट बघितलं आणि मराठीत म्हणाली, "तुझी आई खाली आहे. जा."

"सो आय केम डाउन," सानिका म्हणाली. "बट यू वर नॉट देअर."

ती दाराबाहेर दप्तरावर बसून राहिली होती. तीनच्या पुढे मी जिन्यावरून आले, दार उघडलं, तिला वरणभात वाढला. हे सगळं तिने मला सांगितलं. वरणभात वाढल्याचं मला आठवत होतं. त्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं.

मी काय केलं हे लिहायला लाज वाटते. मी तिला म्हटलं, "तुला स्वप्न पडलं असेल. मी घरीच होते." ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग कुणाच्या परक्याच्या घरी वागावं तसं म्हणाली, "ओके."

नातूर

दुसऱ्या दिवशी सानिका शाळेत गेल्यावर मी सलीमभाईंना घेऊन वर गेले. वॉचमनला इथे नातूर म्हणतात. सलीमभाई पेशावरकडचे, मोजकं बोलणारे. मी त्यांना म्हटलं, "भाईसाब, इस घर में कोई औरत घुस के रहती है. आप कैमरा देखो."

त्यांनी दार उघडलं, सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून बोलले.

"मैडम, औरत तो आप ही आती हैं. बच्ची का बस जाता है, आप ऊपर आती हैं. दो बजे नीचे जाती हैं. रोज़. कैमरा मैं रोज़ देखता हूँ."

"मैं दस मिनट के लिए आती हूँ."

"जी," ते म्हणाले. ते वाद घालणाऱ्यातले नव्हते.

मी मोठ्याने हसले. मग चावी काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आता ही तुमच्याकडेच ठेवा, खलास. त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. सहा दिवसांनी कणीक मळताना गाउनच्या खिशात काहीतरी टोचलं, म्हणून हात घातला. चावी होती. खाली फोन केला तर सलीमभाई म्हणाले, "आप ही ने तो माँगा, मैडम. उसी शाम को."

मी फोन ठेवला आणि कणीक मळत राहिले. एवढं भयंकर कळूनही माझे हात शांतपणे कणीक मळत होते. मला भीती वाटायला हवी, हे मला समजत होतं. ती येत नव्हती.

निदान

जूनमध्ये मिलिंदची तिसरी अपॉइंटमेंट होती. दुबईतल्या त्या डॉक्टर सुदानच्या, पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावरून फिकट पिवळं वस्त्र घेणाऱ्या. शाळेला सुट्टी होती म्हणून सानिकाही बरोबर होती. मिलिंदला औषध लागू पडू लागलं होतं. त्या त्याच्याशी बोलल्या आणि जाता जाता, लहान मुलांना विचारतात तसं हसून सानिकाला इंग्रजीत विचारलं, "बाबांची काळजी कोण घेतं?"

"मम्मा," सानिका म्हणाली. मग थांबून, "व्हेन शी इज मम्मा."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, पण पेन खाली ठेवलं गेलं. "आणि नसते तेव्हा?"

"देन शी इज इन एट-ओ-फोर."

मी लगेच बोलू लागले. मुलं कशी गोष्टी रचतात, शेजारचं घर, तुळस, एसी. डॉक्टरांनी मला बोलू दिलं. मग मिलिंदला आणि सानिकाला बाहेर बसायला सांगितलं, आणि मी पेशंटच्या खुर्चीत कधी आले ते मला कळलं नाही.

"झोप कमी झाली की वाढली?" वाढली. "भूक?" वाढली. "चांगली बातमी आली, मैत्रिणी आल्या, तर बरं वाटतं?" हो, अगदी खरंखुरं. "हातपाय जड होतात?" हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. "कुणी साधं काही बोललं तरी दिवसेंदिवस लागतं?"

पाचव्या प्रश्नाला मला रडू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी सांगितलं त्यातलं माझ्या शब्दांत लिहिते. नवऱ्याची झोप गेली, भूक गेली, काही झालं तरी चेहऱ्यावर हसू येत नाही. तुमची झोप वाढली, भूक वाढली, लोकांत हसू येतं. आजार एकच, तोंडवळे वेगळे. मला लॅबमधली स्लाइड आठवली. मलेरियाचा जंतू एका स्लाइडवर अंगठीसारखा दिसतो, दुसरीवर चंद्रकोरीसारखा. फक्त अंगठीच शोधत बसलेली टेक्निशियन 'निगेटिव्ह' लिहून मोकळी होते. मी माझ्या स्वतःच्या स्लाइडवर 'निगेटिव्ह' लिहिलं होतं.

तास गळून पडण्याबद्दल त्या म्हणाल्या की सगळ्यांना असं होत नाही. पण काहींचं मन फार थकलं की हजेरी घेणंच बंद करतं. मग त्यांनी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच वाटत नव्हतं. "मला तिथेच राहावंसं वाटतं. तिथे मी कुणाचीच कुणी नाही."

मग त्या माझ्या हातावर हात ठेवून अरबीतल्या मायेच्या हाकेने म्हणाल्या, "हबीबती, तुम्हाला मी आज घरी पाठवणार नाही."

अल ऐन

जागा अल ऐनच्या एका हॉस्पिटलात मिळाली. मिलिंदनेच गाडी चालवली. दोन्ही बाजूंना लाल वाळू, आणि मागच्या सीटवर सानिका दाराला चिकटून बसलेली, माझ्यापासून होता होईल तेवढी लांब.

तिथे मी सोळा दिवस होते. सकाळी सहाला ब्लडप्रेशर, सातला चहा कागदी कपात, आठला गोळ्या आणि त्यानंतर जीभ वर करून दाखवणे. चमचे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. आरसा पत्र्याचा, त्यात चेहरा पाण्याखालच्यासारखा दिसायचा. पहिले चार दिवस मी त्यात बघितलंच नाही. तिथून कोण बघेल याची खात्री नव्हती. माझी भीती परत आली होती. नर्सला सांगितलं तर ती खूश झाली. केरळातल्या कोट्टयमची होती, तिला सगळ्या चेची, म्हणजे ताई, म्हणायच्या. "गुड, गुड! डर लगता है? बहुत अच्छा!" म्हणत तिने मला बिस्किटाचा जास्तीचा पुडा दिला.

माझ्या शेजारच्या पलंगावर एक म्हाताऱ्या अरब आजी होत्या, इथल्याच. पूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्यांची ये-जा असल्याने त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. पहिल्याच सकाळी मला म्हणाल्या, "तुम सोता है, आँख खुला रहता है."

सानिकाने जे पाहिलं ते खरं होतं, हे मला तेव्हा कुठे पटलं.

आजी कधी रडल्या नाहीत, उदास वाटतं असंही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांचा आधी गुडघा दुखला, मग पोट, मग डोकं. तीन वर्षं सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट चांगले. मुलं म्हणायची, म्हातारी नाटकं करते. शेवटी कुणीतरी विचारलं की पूर्वी रोज जायचात त्या खजुराच्या बागेत तुम्ही शेवटच्या कधी गेलात, आणि त्यांना ते सांगता येईना. मिलिंदचा आजार त्याच्या तोंडावर दिसत होता, माझा झोपेत लपला होता आणि आजींचा गुडघ्यात. आम्ही तिघं एका रांगेत उभे राहिलो असतो तर नीलाताईंनी फक्त मिलिंदलाच ताक दिलं असतं.

पुण्याहून सासूबाईंचा फोन यायचा. "नवऱ्याला झालं म्हणून हिलाही व्हायलाच हवं का?" एवढं मला ऐकू येईल असं बोलून झालं की त्या मिलिंदला हळूच विचारायच्या, "ती जेवते ना?" मला दोन्हींचा राग यायचा. आता फक्त पहिल्याचा येतो.

शुक्रवारी मिलिंद सानिकाला घेऊन यायचा. स्वतः अजून आजारीच होता, पण सानिका एकटी जेवायची नाही, म्हणून तिच्याबरोबर दोन घास खाऊ लागला होता. खिचडी करायला शिकला होता. सानिका वॉर्डच्या दारात उभी राहायची. आत यायची नाही. चेचीने बोलावलं तरी नाही. मला लांबून निरखायची.

दारातले प्रश्न

मी घरी आले. मिलिंदने आठशे चारची चावी बिल्डिंगच्या ऑफिसात जमा केली आणि पावती आणली. औषध चालू होतं, झोप आटोक्यात येत होती. सगळे म्हणाले, सुटलो.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी अडीचला बेल वाजली, मी दार उघडलं. सानिका उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"फर्स्ट टेल मी. मी लहानपणी लिफ्टला काय म्हणायचे?"

"हलती खोली," मी म्हणाले. ती आत आली.

दुसऱ्या दिवशी वेगळा प्रश्न. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. माझ्या पडलेल्या दाताचं काय केलं, पुण्यातल्या मामाच्या मांजराचं नाव काय. ती चेष्टा करत नव्हती. चेहरा एखाद्या इमिग्रेशनवाल्यासारखा. मिलिंद चिडला, म्हणाला, हे थांबव तिचं. मी म्हटलं, तिला विचारू दे. पण रोज अडीच वाजत आले की मी बेलच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहायचे. स्वतःच्या घरात मी परीक्षेला बसत होते, आणि नापास झाले तर काय जाईल हे मला माहीत होतं.

एके दिवशी तिने विचारलं, केजीच्या गॅदरिंगला मी काय झाले होते? आणि मला आठवेना. गोळ्यांनी त्या दिवसांत स्मरणाला भोकं पडली होती. फुलपाखरू म्हणावं असं जिभेवर आलं. केजीतल्या निम्म्या मुली फुलपाखरूच होतात.

"नाही आठवत गं," मी म्हणाले.

ती जागची हलली नाही. मग दप्तर काढून लॉबीत त्यावर बसली. मी दार उघडं ठेवून बाहेर तिच्यासमोर फरशीवर बसले. लिफ्ट दोनदा येऊन गेली. समोरची फिलिपिनो बाई आमच्याकडे बघत घरात शिरली. मला वाटलं, संपलं.

"यू रिअली डोन्ट रिमेंबर?"

"खरंच नाही. आणि राजा, त्या दिवशी वर मीच होते. तुला स्वप्न पडलं नव्हतं. मी खोटं बोलले."

तिने खूप वेळ बुटाच्या वेलक्रोशी चाळा केला. मग उठली आणि माझ्या शेजारून आत गेली. आतून आवाज आला, "दॅट लेडी वॉज व्हेरी शुअर."

त्या दिवसानंतर प्रश्न बंद झाले असं नाही. पण चुकलेलं उत्तर आणि 'आठवत नाही' यात ती फरक करू लागली. पुढच्या आठवड्यात एकदा तिने झोपताना माझा हात उशीखाली ओढून घेतला. मी तो बधिर होईपर्यंत तसाच ठेवला.

दोन वर्षांनी

मिलिंदला अबू धाबीत नोकरी लागली होती, तो शुक्रवार-शनिवार सुट्टीला घरी यायचा. माझं औषध डॉक्टरांनी निम्म्यावर आणलं होतं. सानिका अकरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलेली.

नोव्हेंबर होता, हवा छान. चार दिवस मी अलार्म वाजूनही उठत नव्हते. फ्रिजपाशी उभ्याने अर्धा डबा श्रीखंड संपवलं. नीलाताई फोनवर म्हणाल्या, आवाज किती प्रसन्न येतोय तुझा. फोन ठेवल्यावर केस विंचरायला कंगवा उचलला आणि तो हातात विटेएवढा जड लागला. तसाच धरून मी पलंगावर बसले. भिंतीवरचं घड्याळ अकरा दाखवत होतं. नंतर बघितलं तर सव्वा एक. कंगवा हातात तसाच होता.

मी उठून तोंडावर पाणी मारलं. डॉक्टरांचा नंबर काढला, आणि फोनवर बोट ठेवून उभी राहिले. दाबवेना. अगदी साधं काम, पण बोट दाबवेना. मिलिंदला इतक्यात घाबरवायचं नव्हतं. सानिकाला तर नाहीच. आईबाप असंच ठरवतात, मुलांना काही कळू द्यायचं नाही. मागच्या वेळी मीही तेच ठरवलं होतं.

अडीच वाजता बेल वाजली. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले. सानिका दारात होती, कानात इअरफोन, घामेजलेली. तिने केव्हाच प्रश्न विचारायचं सोडलं होतं. तरीही मी वाटेत उभी राहिले.

"सानिका, थांब. ती बाई आलीय. अजून आत शिरली नाहीये, पण आलीय. मला फोन लावता येत नाहीये."

तिने इअरफोन काढले. माझ्याकडे बघितलं, वॉर्डच्या दारातून बघायची तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मी तिला बघू दिलं. मग ती आत आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं.

"बाबाला की डॉक्टरना?"

"डॉक्टरना."

तिने नंबर लावला. रिंग वाजत असताना तिची पकड सैल झाली नाही. पलीकडून कुणीतरी उचललं.

"हॅलो," माझी मुलगी म्हणाली, "धिस इज सानिका. माय मदर इज हिअर. शी वॉन्ट्स टू टॉक टू यू."

मी फोन घेतला.